बाजार, सरकार आणि सारखे फुटणारे लिबरल

नमस्कार मंडळी. विषय जरा कोरडा आहे, बाजार मोकळा सोडायचा की सरकारने हात घालायचा, आणि त्यात जेवणाच्या आधीचा स्लॉट मिळालाय, त्यामुळे तुमची चुळबुळ मला दिसणार हे धरूनच चालतो. पण आपण ज्या ब्रिटनमध्ये राहतो, टॅक्स भरतो, एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) वेटिंग लिस्टवर असतो, त्या देशात एकेकाळी राज्य करणारा एक अख्खा पक्ष या विषयावरून इतक्यांदा फुटला की पुढे त्याचे खासदार एका टॅक्सीत मावतील असा जोक झाला. मी लिबरल पक्षाबद्दल बोलतोय. आपली मराठी मंडळं का फुटतात यावर मी बोलणार नाही, मंडळाची निवडणूक जवळ आलीये.

आपल्याकडे साधारण समज असा की मुक्त बाजार म्हणजे श्रीमंतांची बाजू आणि सरकारी हस्तक्षेप म्हणजे गरिबांची. इंग्लंडमध्ये हे सुरू झालं ते बरोब्बर उलटं. १८१५ चे धान्य कायदे घ्या. बाहेरचं स्वस्त धान्य येऊ द्यायचं नाही म्हणजे इथल्या जमीनदारांच्या धान्याला भाव मिळतो, आणि पार्लमेंटमध्ये बसलेले कोण, तर तेच जमीनदार. पाव महाग, भरणार कोण, तर गिरणीतला कामगार. मँचेस्टरचे कॉब्डन आणि ब्राइट यांनी याविरुद्ध चळवळ उभी केली, आणि शेवटी १८४६ मध्ये रॉबर्ट पील या टोरी (म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह) पंतप्रधानानेच ते कायदे रद्द केले, त्यात त्याचा स्वतःचा पक्ष फुटला. पीलबरोबर बाहेर पडलेल्यांमध्ये पुढे लिबरल पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन होता. हे लोक, जुने व्हिग (टोरींचे जुने विरोधक) आणि रॅडिकल असे १८५९ मध्ये एकत्र आले आणि लिबरल पक्ष झाला. म्हणजे पक्षाचा जन्मच दुसऱ्याच्या फुटीतून, आता जन्मपत्रिकेत असं असल्यावर पुढे काय होणार.

तर त्या काळात सरकार बाजूला झालं की गरिबाला पाव स्वस्त मिळायचा, त्यामुळे स्वातंत्र्य पाहिजे म्हणणारा माणूस आपोआप मुक्त व्यापारवाला होता. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत शहरं फुगली, कारखाने वाढले, आणि असा कामगार दिसायला लागला की ज्याला कायद्याने कोणी अडवलेलं नाही, पण आजारी पडला तर आठवड्याभरात घर रस्त्यावर. याला स्वतंत्र म्हणायचं का? इथे लिबरलांची दोन डोकी झाली. ऑक्सफर्डचा टी. एच. ग्रीन म्हणाला की माणसाला खरोखर काही करता आलं पाहिजे, नुसतं अडवलं नाही म्हणून भागत नाही. दुसरीकडे हर्बर्ट स्पेन्सर १८८४ मध्ये चिडून लिहीत होता की हे नवे लिबरल म्हणजे नावं बदललेले टोरीच आहेत, एका जुलमाच्या जागी दुसरा आणतायत. (आपले आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेले, त्यामुळे हा वाद पुण्याला अगदीच परका नव्हता.)

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्या लिबरलांना माणूस मोकळा हवा असतो, भांडण होतं ते त्याचा गळा नक्की कोणी धरलाय यावरून. सरकारने, जमीनदाराने, मालकाने की नुसत्या गरिबीने? उत्तर काळाप्रमाणे बदलतं, आणि पक्षातले अर्धे लोक जुन्या उत्तराला चिकटून राहतात.

१९०३ ला जोसेफ चेंबरलेनने बाहेरच्या मालावर टॅरिफ लावायची मोहीम काढली. हा मूळचा लिबरलच, १८८६ ला आयर्लंडच्या प्रश्नावरून फुटून निघालेला. यावेळी फूट पडली समोरच्या गोटात, तरुण चर्चिल १९०४ मध्ये टोरी सोडून लिबरलांकडे आला तो मुक्त व्यापारासाठीच. १९०६ च्या निवडणुकीत लिबरलांनी दोन पावांचं चित्र फिरवलं, आमचा मोठा पाव, त्यांचा टॅरिफवाला छोटा पाव, आणि जवळपास ४०० जागा घेतल्या. मग याच मुक्त व्यापारवाल्या सरकारने काय केलं? सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना १ जानेवारी १९०९ पासून आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन. १९११ चा विमा कायदा, त्यात पुरुष कामगाराच्या पगारातून आठवड्याला ४ पेन्स कापायचे, मालकाने ३ घालायचे, सरकारने २. त्यांचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज सभेत सांगायचा, चार पेन्स द्या नि नऊ पेन्सचा फायदा घ्या. सेल्समन चांगला होता तो.

या सगळ्याला पैसा लागतो. चेंबरलेनचं म्हणणं, टॅरिफ लावा, त्यातून आणा. लॉइड जॉर्ज म्हणाला पाव महाग करायचा नाही, श्रीमंतांच्या उत्पन्नावर आणि जमिनीच्या फुकट वाढलेल्या किमतीवर कर लावा. १९०९ चं ते बजेट लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने, फेकून दिलं, मग १९१० मध्ये एकाच वर्षात दोन निवडणुका, आणि १९११ ला लॉर्ड्सचे अधिकारच छाटले गेले. आता सांगा हे लोक बाजारवाले की सरकारवाले? बंदरावर बाजार मोकळा ठेवला आणि घरात सरकार आणलं, दोन्ही एकदम, आणि त्यांना त्यात काही विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आता आपली बाजू, कारण नाहीतर हे सगळं फार छान छान होऊन जाईल. १८९२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी लिबरल म्हणून बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आले, आणि तिकडे पुण्यात डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी व्याख्यान दिलं की तुमच्या इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू होत नाहीत, इथे उद्योग उभे राहायचे तर सरकारला पुढाकार घ्यावा लागेल. दोघेही उदारमतवादी, कोणाच्याच मनात शंका नाही. मग रानडे असं का म्हणाले? तर मुंबईच्या गिरण्यांकडे बघा. लिबरल व्हाइसरॉय रिपनच्या काळात १८८२ ला विलायती कापडावरची आयात जकात मुक्त व्यापाराच्या नावाने काढली. १८९४ ला तिजोरीत खडखडाट झाल्यावर जकात परत लावावी लागली, तर लँकेशायरने, म्हणजे मँचेस्टरकडच्या कापड गिरण्यांनी, ओरडा केला, म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या सुतावरही कर बसवला, आणि १८९६ ला हिशेब असा जुळवला की बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के. सगळं कसं समान! हा देशी कापडावरचा कर पुढे जवळजवळ तीस वर्षं राहिला. म्हणजे जो मुक्त व्यापार मँचेस्टरच्या कामगाराचा पाव स्वस्त करत होता तोच परळच्या गिरणीच्या मानेवर बसला होता.

गोखले रानड्यांचे शिष्य, पण त्यांना यातला धोकाही दिसत होता. १९११ मध्ये साखरेच्या आयात जकातीवरच्या चर्चेत त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये सांगितलं की संरक्षण दोन तऱ्हेचं असतं, वाढत्या उद्योगाला आधार देणारं योग्य, आणि वजनदार मंडळींच्या टोळीचा खिसा भरणारं अयोग्य. पुढचं लायसन्स-परमिटचं राज्य त्यांना कुठे दिसलं असणार, पण नेम अचूक होता.

इकडे इंग्लंडमधले लिबरल मात्र नंतर तत्त्वापेक्षा माणसांवरून जास्त फुटले असं माझं मत आहे. १९१६ च्या डिसेंबरात लॉइड जॉर्जने पंतप्रधान अॅस्क्विथची खुर्ची घेतली ते महायुद्धाच्या कारभारावरून, त्यात बाजार कुठेच नव्हता. १९२३ मध्ये टोरी पंतप्रधान बाल्डविनने टॅरिफ लावायचा विषय परत काढल्याबरोबर दोन्ही गट धावत एकत्र आले, आणि १९३१ ला परत तीन तुकडे. सायमनचा गट टॅरिफला तयार, सॅम्युएलचा गट टोरींबरोबरच्या आघाडी सरकारात बसून टॅरिफला विरोध करणारा, आणि तिसरा गट लॉइड जॉर्जचा, खासदार चार, स्वतः, मुलगा, मुलगी आणि एक सोयरा. घराणेशाही फक्त आपल्याकडेच असते असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. सॅम्युएलवाले १९३२ ला बाहेर पडले, आणि १९५१ पर्यंत खासदार उरले ६. गंमत म्हणजे याच काळात आयडिया त्यांच्याच चालल्या. अर्थतज्ज्ञ केन्स लिबरल, बेव्हरिज लिबरल, सगळ्यांना सरकारी विम्याचा आधार सुचवणारा बेव्हरिजचा १९४२ चा रिपोर्ट यांच्या माणसाचा आणि राबवला लेबरने, मतंही लेबरलाच.

अलीकडचं तुम्हाला माहितीये. २०१० ला त्यांचे वारस लिबरल डेमोक्रॅट्स टोरींबरोबर सरकारात गेले, ट्यूशन फी वाढवणार नाही अशी सही करून आलेल्या पक्षाच्या सरकारने ती ९००० पौंडांपर्यंत नेली, त्या मतदानात त्यांचेच २१ खासदार विरोधात गेले. ५७ चे २०१५ ला ८ झाले. इथल्या कितीतरी घरांतून तेव्हा मुलं युनिव्हर्सिटीत जाणारी होती, त्यामुळे जास्त बोलत नाही.

शेवटचा मुद्दा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा. माणूस स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय पोस्टल युनियनची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला गेला (आपल्यापैकी किती जण परत जाणार बोलतात, असो). शेतकऱ्याला लुटतं कोण, तर बहुतेक डाव्यांचं उत्तर व्यापारी, जोशींचं उत्तर सरकार. निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी), झोनबंदी (माल भागाबाहेर न्यायला बंदी). महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना होती, तुमच्या शेतातला कापूस तुम्ही सरकारी खरेदीशिवाय कुठे विकू शकत नव्हता, शेजारच्या राज्यात भाव बरा असला तरी. घोषणा होती "भीक नको, हवे घामाचे दाम". सबसिडी मागणारी नाही ही, हात काढा म्हणणारी आहे, १८४६ च्या मँचेस्टरची आठवण यावी अशी, फक्त तिकडे ओरडणारा खाणारा होता आणि इकडे पिकवणारा. पण जागतिक व्यापार खुला करणारा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा जोशी त्याच्या बाजूने आणि कर्नाटकचे शेतकरी नेते नंजुंडस्वामी कडाडून विरोधात. एकाला भीती दिल्लीची, दुसऱ्याला परदेशी कंपन्यांची, आणि दोघांच्या मागे शेतकरीच होते.

जोशींनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, मतांच्या हिशेबात तो फार कुठे पोचला नाही. कांद्याचा खेळ तर चालूच राहिला, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ ला उठली पण ४० टक्के निर्यात शुल्क लावून. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त झाला तो नाशिकच्या शेतकऱ्याच्या खिशातून, आणि त्यावर तोंड उघडायला लिबरल म्हणवणारा एकही मोठा पक्ष पुढे आला नाही, कारण शहरातली मतं जास्त आहेत. तिकडून चिठ्ठी आलीये की वेळ झाली, तर आता प्रश्न घेऊ, फक्त ब्रेक्झिटचा नको, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.