वेताच्या रानातलं कासव

(दृश्य: देऊळ. गाभाऱ्यासमोरचं दगडी कासव.)

देवळात शिरल्यावर गाभाऱ्यासमोर हे दगडी कासव दिसतं ना? त्याला हात लावूनच आपण पुढे जातो. पण खरंखुरं कासव कुणी पाहिलंय? गावाकडच्या विहिरीत? बरोबर! कासव म्हटलं की पाणी आलंच. आज मात्र ज्याला शोधायचंय, त्याचे बहुतेक भाऊबंद तळ्या-ओढ्यांत राहतात आणि हे पठ्ठं राहतं रानात, पाचोळ्यात.

(दृश्य: घनदाट जंगल. कॅमेरा पाचोळ्यावर स्थिर.)

हा आपलाच सह्याद्री, पण पार खाली, केरळातला. झाडी इतकी दाट की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. आता पाचोळ्याकडे नीट बघा. दिसलं काही?

नाही?

ते डावीकडचं तांबूस पान बघा. ते पान नाहीये.

(दृश्य: अगदी जवळून. डोकं हळूच बाहेर येतं.)

तुमच्या दप्तरातल्या छोट्या पट्टीपेक्षाही आखूड. पाठीवर तीन उभे कंगोरे. जबडा पिवळाधमक, आणि नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका, कुणी कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा! खाणं काय? गळून पडलेली फळं, गोगलगायी, किडे. हात लावला की वेटोळं करणारा पैसा किडासुद्धा.

तिथे मल्याळम भाषेत याला म्हणतात 'चूरल आमा'. चूरल म्हणजे वेत, आमा म्हणजे कासव. वेत कसला, ते आजोबांना विचारा. त्यांच्या गुरुजींच्या हातात असायचा.

(दृश्य: जुनं रेखाचित्र, मग जंगलातली वाट.)

१९१२ साली मद्रासच्या संग्रहालयातल्या हेंडरसन यांनी याची पहिली शास्त्रीय नोंद केली. हातात कासवं होती फक्त दोन. पुढची सत्तर वर्षं ते कुठल्याच शास्त्रज्ञाला दिसलं नाही. हरवलंच म्हणा ना! पण हरवलं होतं ते पुस्तकांपुरतं. या रानात राहणाऱ्या कादर आदिवासींना ते चांगलं ठाऊक होतं.

मद्रासजवळच्या मगर उद्यानात जे. विजया नावाची मुलगी काम करायची. वय पंचविशीच्या आतलं. १९८२ मध्ये ती इथे आली, कादर मंडळींसोबत रान धुंडाळलं, आणि कासव सापडलं. मग त्याचा अभ्यास करायला ती याच जंगलात राहिली. घर कसलं, चक्क गुहेत!

१९८७ साली विजया गेली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी या कासवाला नवं नाव दिलं, विजयाकेलिस. केलिस म्हणजे ग्रीक भाषेत कासव. विजयाचं कासव.

(दृश्य: कासव वळतं, पाचोळ्यात डोकं खुपसतं.)

निघालं बघा. आधी लाल ठिपका आत गेला... मग पाठ.

आता सांगा, यातलं कुठलं पान?