थर्मोस्टॅट कुणाचं ऐकतो?

नमस्कार मंडळी. बोलायला उभं राहण्याआधी मी या हॉलचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारी डबी, बघून आलो. ७२ फॅरनहाइटवर लावलाय, वर पारदर्शक पेटी बसवलीय आणि पेटीला कुलूप. म्हणजे तो आपलं ऐकणार नाही, हे हॉलवाल्यांनी ठरवून टाकलंय. घरासाठी स्मार्ट, म्हणजे फोनवरून चालवता येणारा थर्मोस्टॅट निवडताना मीसुद्धा रंग, स्क्रीन, किंमत यांच्या आधी हेच बघतो, की हा कुणाचं ऐकणार.

पण त्याच्याही आधी भिंत. पुण्या-नाशिकला थर्मोस्टॅट एसीच्या पोटातच असतो, आपल्या हातात येतो तो रिमोट. इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस, मागच्या अंगणात कूलिंगचं युनिट, आणि दोघांना २४ व्होल्टच्या बारीक तारांतून हुकूम सोडणारी ही एक डबी. दुकानात जायच्या आधी ब्रेकर पाडा, डबी भिंतीवरून उतरवा आणि तारांचा फोटो काढा. ‘आर’मधून वीज येते, ‘डब्ल्यू’ने हीटिंग सुरू होतं, ‘वाय’ने कूलिंग, ‘जी’ने पंखा. गरम-गार दोन्ही करणारा हीट पंप असेल तर ‘ओ’ किंवा ‘बी’ दिसेल. आणि शोधायची ती ‘सी’, म्हणजे विजेच्या परतीची तार.

जुन्या घरांत ती पुष्कळदा नसते. त्याचं कारण गमतीचं आहे. हनीवेलचा तो गोल थर्मोस्टॅट आठवा, १९५३ सालचा. त्याच्या आत पाऱ्याची काचेची कुपी होती. घर गार झालं की धातूची पट्टी वळायची, कुपी कलायची आणि पारा ओघळून दोन टोकं जोडायचा. त्याला स्वतःला विजेची भूकच नव्हती. वाय-फायवाल्याला ती चोवीस तास असते. ‘सी’ नसली तर काही मॉडेलं हीटिंग-कूलिंगच्याच तारांतून गुपचूप थोडी वीज पळवतात. काही घरांत हे वर्षानुवर्षं खपून जातं, काहींत ऐन थंडीत बॅटरी उतरते. इकोबी या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांबरोबर फर्नेसच्या बोर्डावर जोडायचा एक छोटा तुकडा येतो, त्याने काम भागतं. मी मात्र आधी भिंतीतली केबल जराशी ओढून बघा म्हणतो. एखादी जादा तार आत गुंडाळून ठेवलेली असते, कुणी जोडलेलीच नसते. आणि तारा जाडजूड, टोकाला वायरनट, म्हणजे तारा जोडायच्या टोप्या, लावलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा. ते भिंतीच्या तळाशी बसणारे २४० व्होल्टचे बेसबोर्ड हीटर असणार. त्यांचे थर्मोस्टॅट वेगळे मिळतात.

आता ऐकण्याची गोष्ट. सोफ्यावर बसून तुम्ही फोनवर तापमान वाढवता. भिंत दहा फुटांवर, पण हुकूम बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरला नमस्कार करून परत येतो. आणि सर्व्हर कंपनीचा म्हटल्यावर मर्जीही तिची. नेस्ट हा स्मार्ट थर्मोस्टॅट २०११ मध्ये आला, २०१४ मध्ये गूगलने तो बनवणारी कंपनी ३.२ अब्ज डॉलरला घेतली. इतर उपकरणांना नेस्टशी बोलू देणारी जुनी सोय २०१९ मध्ये मोडीत निघाली. पुढे पाच डॉलर भरून नवी वाट मिळाली, तीही गूगलच्या दारातूनच. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्टचं ॲपशी नातं तुटलं. भिंतीवर ते अजून चालतात, हाताने फिरवता येतात, फोनला मात्र ओळख देत नाहीत. इकोबीनेही २०२४ मध्ये स्वतःचं ऑटोमेशन लिहिणाऱ्या नव्या लोकांना आपल्या सर्व्हरच्या डिजिटल किल्ल्या देणं थांबवलं.

तरी मी इकोबी सुचवतो. कारण तो ॲपलच्या होमकिटची, म्हणजे घरातली उपकरणं जोडणाऱ्या व्यवस्थेची, भाषा बोलतो आणि ती भाषा घरच्या घरी चालते. होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं फुकट, खुलं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे त्यांनी थर्मोस्टॅटच्या स्क्रीनवरचा आठ आकडी कोड तिथे घालायचा. आयफोन नसला तरी चालतं. एकच अट, तो आधी कुणाच्या आयफोनशी जोडलेला असेल तर तिथून सोडवून घ्या. एका वेळी एकच मालक. दुसरी वाट झेड-वेव्हची, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या वेगळ्या रेडिओ लहरींची. हनीवेलच्या टी-६ प्रोचं एक मॉडेल झेड-वेव्हवर चालतं. त्यात वाय-फाय नाही, ॲप नाही, दिसायला अगदी सरकारी. माझा आवडता तोच. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी २०२२ मध्ये आलेलं सामाईक मानक, तेही घरातल्या घरात बोलतं. पण खोक्यावर त्याची खूण बघून हुरळू नका. तापमान आणि हीट-कूल एवढं येतं. खोल्यांचे सेन्सर, वेळापत्रक येईलच असं नाही.

वीज कंपनी रिबेट देते तेव्हाही फॉर्म वाचा. जून २०२१ मध्ये टेक्सासमध्ये विजेची टंचाई होती, तेव्हा काही लोकांच्या घरातलं एसीचं तापमान बाहेरूनच वाढवलं गेलं. घामाघूम होऊन उठलेल्यांना मग कळलं की अशा योजनेत आपण सामील आहोत. योजना वाईट नाही, पण आपल्या भिंतीला आणखी एक मालक आला हे ठाऊक असावं.

आणि माझं शहाणपण ऐका. सगळ्यांचे फोन घराबाहेर गेले की तापमान ६० फॅरनहाइटवर आणायचं, असा नियम मी मोठ्या हौसेने लिहिला होता. त्या जानेवारीत आई आली होती. तिचा फोन माझ्या यादीत नव्हता. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत; घराने ठरवलं, कुणी नाही. संध्याकाळी आलो तर आई दोन स्वेटर आणि शाल घालून गॅसजवळ बसलेली. म्हणाली, “अरे, घरात माणूस आहे हे याला सांगायचं कुणी?” तिने स्क्रीनला हात लावून बघितला होता, पण मी मुलांच्या भीतीने पिन टाकून ठेवलेला. तो त्याच रात्री काढला.

मघाशी एका काकूंनी विचारलं, पुण्याच्या फ्लॅटसाठी इथून एक घेऊन जाऊ का? नका नेऊ. तिथे २४ व्होल्टच्या ताराच नाहीत, आणि इथल्या झेड-वेव्हची फ्रिक्वेन्सीही भारतातल्यापेक्षा वेगळी. तिथला स्प्लिट एसी रिमोटच्या इन्फ्रारेडचं ऐकतो, म्हणून रिमोटची नक्कल करणारी छोटी डबी तिथेच विकत घ्या. फक्त घेण्याआधी तुमच्या एसीचं मॉडेल तिच्या यादीत आहे का ते बघा.