सोयाबीन निम्मंच उगवलं, मग दोष नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी. जून सरत आला की आपल्या कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "सोयाबीन निम्मंच उगवलं, बियाणं बोगस निघालं, तक्रार कुठे करू?" तक्रारीकडे येऊच. पण त्याआधी मला एवढं सांगा, बियाणंच खराब होतं हे तुम्ही ठरवलं कशावरून? बहुतेकांचं उत्तर असतं, "उगवलं नाही म्हणून." हे काही उत्तर नव्हे. उगवण एका कारणानं ठरत नाही, ती पाच-सहा कारणांनी मिळून ठरते.

मूलभूत गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, भरभर सांगतो. एकरी 30 किलो बियाणं. दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर. खोली 3 ते 5 सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन चांगला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्यावरच पेर. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम जिवाणू, आणि वाळवायचं सावलीत. झालं.

आता आकड्यांकडे या. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरलं, तर एकरी 30 किलोच्या हिशेबानं ओळीच्या एका मीटरमध्ये साधारण 28 दाणे पडतात. आपल्याला झाडं हवीत 20. प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते, आणि 28 चे 70 टक्के म्हणजे जवळपास 20. एकरी 30 किलोची शिफारस या हिशेबात अशी बसते.

पण शेतात काय होतं बघा. समजा तुमचं बियाणं 80 टक्के आहे, म्हणजे चांगलंच आहे. पेर थोडी खोल गेली, त्यात शंभरातले वीस कोंब गेले. मग पाऊस उघडला, ऊन पडलं, काळ्या जमिनीवर खपली धरली, आणि उरलेल्यांतले आणखी वीस टक्के खालीच अडकले. इथे वजाबाकी करायची नसते, गुणाकार करायचा असतो. 80 टक्के गुणिले 80 टक्के गुणिले 80 टक्के, उत्तर येतं 51 टक्के. मीटरला झाडं दिसतात 14. एकही गोष्ट फार बिघडलेली नाही, तरी उगवण निम्मी. आणि शिवी खातं ते बियाणं, तिघांत फक्त तेच डोळ्यासमोर असतं म्हणून.

याच्या उलटही होतं, तेही खरं आहे. 2020 च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. आदल्या वर्षी, 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन काढणीत पावसानं शेंगा भिजल्या होत्या. सोयाबीनचं टरफल फार पातळ आणि अंकुर टरफलालगतच असतो. दाणा भिजला, मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती वरून आपटली, की अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोराच दिसतो. म्हणून घरचं बियाणं ठेवणाऱ्यांनी मळणी कमी फेऱ्यांवर करायची, मिनिटाला 300 ते 400 च्या आसपास, आणि पोत्यांची थप्पी उंच रचायची नाही.

मग कारण ओळखायचं कसं? त्यासाठी दोन आकडे लागतात, घरच्या उगवण चाचणीचा आणि शेतातल्या उगवणीचा. घरचा आकडा नसेल तर शेतातल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो आणि प्रत्येक वेळी "त्याला कुठे वेळ आहे" अशी कमेंट येते. खर्च काय, तर एक गोणपाट.

[टेबलावर ओलं गोणपाट पसरलेलं]

हे बघा. प्रत्येक पिशवीतून वरचं, मधलं आणि तळाचं असं मूठमूठ बी घ्या, एकत्र करा. त्यातून शंभर दाणे मोजा. इथेच चूक होते, आपला हात आपोआप चांगल्या दाण्यांकडे जातो. निवडू नका, समोर येईल तो दाणा घ्या, टरफल चिरलेलासुद्धा. गोणपाट भिजवून पिळून घ्या, पाणी ठिबकता कामा नये. दहा ओळी, ओळीत दहा दाणे, दोन दाण्यांत दोन सेंटिमीटर. वरून दुसरा ओला तुकडा, सैल गुंडाळी, आणि सावलीत ठेवा. सुकू द्यायचं नाही. असे निदान तीन नमुने लावा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. फुगलेला दाणा म्हणजे उगवलेला दाणा नव्हे. मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट असतील तोच मोजा. तिन्हींची सरासरी काढा.

70 किंवा वर आले तर 30 किलोच. 65 आले तर 30 गुणिले 70 भागिले 65, म्हणजे सव्वाबत्तीस किलो. 60 आले तर 35 किलो. 60 च्या खाली आलं तर ते बियाणं पेरू नका.

आता हाच आकडा शेतात नेऊ. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी वेगवेगळ्या दहा ठिकाणी मीटरभर ओळीतली झाडं मोजा, सरासरी काढा, आणि मीटरला पडलेल्या दाण्यांपैकी किती टक्के उगवले ते बघा. घरी 80 आणि शेतात 50? मग बियाण्याला सोडा, जमिनीत शोधा. घरीच 45 आलं होतं आणि शेतात 40? मग बियाणंच.

घरी चाचणी केलीच नाही, आता काय? तर त्याच लॉटचं, म्हणजे एकाच खेपेतलं, बियाणं ज्यानं दुसऱ्या रानात पेरलं त्याचं शिवार बघून या. लॉट नंबर टॅगवर असतो. तिकडे दाट आणि तुमच्याकडे विरळ असेल, तर फरक रानाचा, पावसाच्या दिवसाचा किंवा पेरणी यंत्राचा आहे.

तेही जमत नसेल, तर आपल्याच रानात तुटाळ, म्हणजे न उगवलेली रिकामी जागा, कुठे आहे ते बघा. ठरावीक एकच ओळ विरळ असेल तर पेरणी यंत्राचा तो फण खोल जातोय किंवा नळी तुंबली. ट्रॅक्टरच्या चाकोरीतच नसेल तर जमीन दबली. सखल भागातच नसेल तर पाणी साचलं, बी कुजलं. सगळीकडे सारखंच विरळ असेल तरच संशय बियाण्यावर जातो, आणि तेव्हाही खोली आणि ओल तपासूनच.

आणि खुरपं घेऊन उकरा! यासारखा साक्षीदार नाही. बी जसंच्या तसं, कोरडं? ओल कमी पडली. सोयाबीनच्या दाण्याला उगवायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी प्यावं लागतं. फुगून मऊ, वास मारणारं? पाणी साचून कुजलं, किंवा मुळातच अशक्त. कोंब हुकासारखा वाकलेला, जाड, खपलीखाली अडकलेला? बी चांगलं होतं, वाट मिळाली नाही. मान मोडलेली? तेच कारण. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं, त्यामुळे खपली त्याला बऱ्याच पिकांपेक्षा जड जाते. हे वेळेत दिसलं तर तुषार सिंचनानं हलकं पाणी द्या, खपली मऊ होते. आणि बी खताला चिकटून करपलेलं दिसलं, तर खत आणि बी एकाच नळीतून सोडल्याचा तो परिणाम.

एकानं विचारलंय, "मग कंपनीला मोकळंच सोडायचं का?" अजिबात नाही. सगळं तपासून बोट बियाण्याकडेच जात असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. त्यासाठी पक्कं बिल, टॅग, रिकामी पिशवी आणि त्यातलं मूठ-दोन मूठ शिल्लक बी लागतं. पिशवी खालच्या बाजूनं फोडा, म्हणजे टॅग शिवणीत शाबूत राहतो. आणि पंचनामा होईपर्यंत ते रान मोडून दुबार पेरू नका. घाई असेल तर निदान चार ओळी तशाच ठेवा, समितीला मोजायला काहीतरी लागेल.