ध्रुव सोळा अंशांवर

(मालवण येथील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखन)

शिडाच्या शर्यती आणि समुद्रावर वाट काढण्याची बदलती विद्या असा विषय मी कळवला होता, आणि त्यातले माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: भर समुद्रात आपण कुठे आहोत हे दोन वेगळ्या मार्गांनी पडताळल्याशिवाय ते कळले, असे मानू नये.

१९९८ च्या जानेवारीत मी चुलत्यांच्या मच्छीमार नौकेवर होतो. ते तांडेल, जीपीएसचे नवे यंत्र मी हौसेने बसवून दिलेले. पहाटे मतलई वारा अंगावर घेत आम्ही बंदराकडे येत होतो, किनाऱ्यावर धुरके पसरले होते, आणि सिंधुदुर्गाभोवतीचे खडक आपल्याला मी सांगायला नकोत. पडद्यावरच्या आकड्यांप्रमाणे आम्ही मोकळ्या वाटेवर होतो. चुलत्यांनी मात्र इंजिन मंद करायला लावले आणि शिशाचा गोळा बाहेर काढला. त्याच्या बुडाच्या खळग्यात त्यांनी अंगठ्याने चरबी दाबून बसवली, गोळा पाण्यात सोडला, दर वावेवर, म्हणजे सुमारे सहा फुटांवर, मारलेल्या गाठी मुठीतून मोजल्या, आणि वर ओढून त्याचे बूड कंदिलापुढे धरले. वाटेवर असतो तर चरबीला वाळू चिकटली असती. चरबी कोरी होती आणि तिच्यावर एक ताजा ओरखडा होता. "यंत्रान सांगल्यान, पण तू बघलंस काय?" एवढेच ते म्हणाले, आणि किल्ल्याचा तट दिसेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

यंत्र बिघडलेले नव्हते. नागरी वापराच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढण्यात आली. तोवर शंभरेक मीटरचा फरक नेहमीचाच होता, शिवाय जुन्या मोजणीवरचे नकाशे उपग्रहाच्या आकड्यांशी जुळत नसत.

ती चूक गेली, तरी धोका गेला नाही. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील वेस्टास विंड ही नौका केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोस या प्रवाळबेटांवर आदळली. आपली जागा तिला अचूक ठाऊक होती. पण पडद्यावरचा नकाशा पुरेसा मोठा करून पाहिला गेला नव्हता आणि त्यामुळे पुढची प्रवाळभिंत लक्षातच आली नाही. नऊही जण वाचले, याचा मला आजही आनंद वाटतो.

याउलट गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत जीपीएस चालत नाही. सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजण्याचे साधन), घड्याळ आणि कागदी नकाशा यांवरच भिस्त. तिच्या पहिल्याच खेपेला, १९६९ मध्ये, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ३१२ दिवसांत न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली ती सुहैली नौका सागवानाची आणि मुंबईत बांधलेली. तिच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या थुरिया नौकेवर आपले अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गेले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली, आणि तरीही २०२२ मध्ये ते पुन्हा उतरले व २३६ दिवसांनी दुसरे आले. या माणसाविषयी बोलताना माझा वेळ नेहमीच जातो, आणि आताही चिठ्ठी आली आहे.

म्हणून कबूल केलेला भाग थोडक्यात सांगतो. आजच्या शर्यतीत संगणकाला दोन गोष्टी दिल्या जातात: दर सहा तासांनी येणारा वाऱ्याचा अंदाज, आणि कोणत्या वाऱ्यात, कोणत्या कोनात आपली नौका किती वेगाने जाते याचा तक्ता. त्यांवरून तो सर्वांत कमी वेळाचा मार्ग काढतो. परंतु जागतिक अंदाजातले दोन बिंदू एकमेकांपासून बऱ्याचदा पंचवीसेक किलोमीटर दूर असतात, आणि आपला मतलई वारा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात वाहतो. तो त्या जाळ्यातून निसटतो. कोकणच्या किनाऱ्याने रात्री शर्यत करणाऱ्याने संगणक बाहेर जा म्हणाला, तरी अंगाला लागणारा वारा आधी विचारात घ्यावा.

मेजावर दहा-बारा ‘कमाल’ ठेवले आहेत, म्हणजे अक्षांश पाहण्याची जुनी साधने. ही फळी आणि गाठींची दोरी अरबी व आपले खलाशी वापरत. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, तितका आपला अक्षांश, म्हणून मालवणची गाठ सोळा अंशांची आहे: ती दातांत धरून दोरी ताणावी, फळीची खालची कड क्षितिजाला लावावी, आणि वरच्या कडेला ध्रुव येतो का ते पाहावे. उद्या रात्री समुद्रात जाणाऱ्यांनी एकेक घेऊन जावा.