काजळीने घडवलेले काडतूस

अध्यक्षमहोदय, व्याख्यानमालेचे संयोजक आणि अंबाजोगाईकर श्रोतेहो,

बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘जुन्या लष्करी रायफलींची काडतुसे पुन्हा कशी भरतात’ असा लिहिलेला आहे. तो वाचून पोलीस खात्यातून निवृत्त झालेले काही गृहस्थ आज पुढच्या रांगेत येऊन बसलेले दिसतात. त्यांनी निश्चिंत असावे. माझ्या पिशवीत टिपणांखेरीज स्फोटक असे काहीही नाही, आणि टिपणेही तशी थंडच आहेत.

हा विषय या गावात मांडण्यात एक औचित्य आहे. आपले गाव मोमिनाबाद या नावाने ओळखले जात होते तेव्हा येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. जालना, हिंगोली आणि औरंगाबाद येथेही याच फौजेच्या छावण्या होत्या, आणि १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत काळ्या दारूच्या बंदुकांचा आवाज या भागाला परका नव्हता. असे असूनही आपल्याकडे गडकोटांवरील तोफांविषयी भरभरून लिहिले जाते. परंडा म्हटले की मुलूख-ए-मैदान आणि दौलताबाद म्हटले की मेंढा तोफ लगेच आठवते, पण शिपायाच्या कमरेच्या पेटीत असलेल्या बोटभर काडतुसाकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्या विभागातील एका संग्रहालयात मी स्नायडर रायफलीसमोर ‘ठासणीची बंदूक’ अशी पाटी पाहिली आहे. स्नायडर मागून भरतात. तिच्या बुडाशी बिजागरीवर उघडणारे झाकण आहे, आणि ते झाकण पाटीपासून वीतभर अंतरावर सर्वांना दिसत होते. मी लेखी कळवले. पुढच्या भेटीत पाटी बदललेली होती, आणि तिच्यावर ‘तोड्याची बंदूक’, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, आणखी जुनी बंदूक, असे लिहिलेले होते. तेव्हापासून मी लेखी कळवणे सोडून व्याख्याने देतो.

आता माझा मुद्दा सांगतो, म्हणजे वेळ संपला तरी तो माझ्यापाशी शिल्लक राहणार नाही. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण ती चरबीपाशी येऊन थांबते. चरबी कोणत्या जनावराची होती यावर पानेच्या पाने लिहिली गेली. काडतुसाला चरबी मुळात लागतच का होती, हे कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर काजळी हे आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात मागे उरतो. त्यातील काही धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला नळीच्या आत बसतो. हवा दमट असेल तर तो ओलावा धरतो. आपल्या एप्रिल-मेसारखी कोरडी आणि तापलेली हवा असेल तर त्याची खरबरीत खपली होते, आणि दर बाराबरोबर ती जाड होत जाते. एन्फील्ड रायफलीपासून .३०३ इंची रायफलीपर्यंतच्या काडतुसांची बहुतेक सगळी वळणे या खपलीशी झालेल्या झगड्यातून आलेली आहेत, असे माझे मत आहे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड पाहा. नळीचा व्यास .५७७ इंच आणि आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. कागदी काडतुसात सुमारे ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारू आणि ५३० ग्रेनची शिशाची गोळी असे. शिपायाने कागदाचे टोक दाताने फोडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून वंगण लावलेल्या कागदासकट गोळी नळीच्या तोंडात बसवायची, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गजाने गोळी खाली ठासायची. गोळीचे बूड पोकळ असल्यामुळे दारू पेटताच ते फुगून आट्यांत घट्ट बसत असे. पण फुगण्याआधी गोळीला वरून खाली उतरावे लागे, आणि वाटेत मागच्या बारांची खपली असे. ती मऊ राहावी म्हणून वंगण हवे होते. जानेवारी १८५७ मध्ये सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली, आणि पुढे दाताऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायतही आली. पण तोवर विश्वास उडालेला होता. वंगण अजिबात नको, हा पर्याय मात्र कोणापुढेच नव्हता, कारण त्याविना थोड्याच बारांनंतर एन्फील्ड ठासता येईना. पुढे हिंदुस्थानच्या उन्हात वंगण वितळून जाते आणि गोळी अडते असा अनुभव आल्यावर इंग्रजांनी गोळीचा व्यास .५६८ वरून .५५० इंचांवर आणला. औरंगाबादेत जून १८५७ मध्ये कंटिन्जंटचे घोडदळ बिथरले, त्यामागे आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार ही धास्ती मोठी होती, त्यामुळे तेथील काळ्या चबुतऱ्याचा, म्हणजे बंडवाल्यांना देहदंड दिल्याचा, प्रसंग मी काडतुसाच्या खात्यावर मांडत नाही. इतके लिहूनही मला दर वेळी यावर प्रश्न येतो, म्हणून आधीच सांगून ठेवले.

येथे मला एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. संयोजकांना ती ठाऊक आहे, त्यामुळे ते आत्ताच घड्याळ पाहू लागले आहेत. केज तालुक्यातील एका लग्नात माझ्याशेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी बंडीच्या खिशातून पितळेची एक नळी काढली, तिचे लाकडी बूच उपसले, करंगळीएवढ्या काडीने आतून चुना काढला आणि तळहातावर तंबाखू मळायला घेतली. नळीचे तोंड अरुंद आणि पोट रुंद होते. मी ती हातात मागितली आणि जेवणावरून माझे लक्ष उडाले, कारण ते इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचे रिकामे काडतूस होते. बुडावर खडकीच्या कारखान्याचे अक्षर आणि तीन रेघांचा बाण स्पष्ट दिसत होता. हे घरात कोठून आले, असे विचारल्यावर त्यांनी आजोबा पलटणीत होते एवढेच सांगितले, आणि पुढे असेही सांगितले की खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांबरोबर या नळीचीही पूजा होते, कारण तिच्यावर रामाचा बाण आहे. आता मी इतिहासाचा अभ्यासक. गप्प बसणे मला शोभले असते, पण जमले नाही. मी त्यांना समजावले की हा बाण रामाचा नसून इंग्रज सरकारी मालमत्तेची ती खूण आहे. त्यांनी तंबाखू दाढेखाली सारली आणि म्हणाले, “मंग सरकारी बान हाय म्हना की. त्यो बी कुनाला चुकत न्हाई.” आसपासचे वऱ्हाडी हसले, माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनीच मला विचारले, आणि हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारलेला नाही, की याचे तोंड बारीक का केले असावे. चुना वाळत नाही म्हणून आपल्याला ते सोयीचे पडते, पण गोऱ्या साहेबाला काय सोय होती?

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. १८६६ मध्ये स्वीकारलेल्या स्नायडरने गोळी वरून ठासण्याचा त्रास संपवला, आणि कर्नल बॉक्सर यांनी तिच्यासाठी पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस तयार केले. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिची नळी .४५० इंचांची, गोळी ४८० ग्रेनची, पण दारू ८५ ग्रेन. बारीक नळीसाठी एवढी दारू सरळ काडतुसात भरायची तर ते लांबलचक आणि नाजूक होते. म्हणून पोट फुगवून मान आवळली. गोळीभोवती कागद गुंडाळला आणि गोळीच्या खाली मेणाची चकती ठेवली, जेणेकरून प्रत्येक बार आधीच्या बाराची काजळी मऊ करीत जाईल. १८५७ चे वंगण असे काडतुसाच्या पोटात शिरले, आणि त्याला शिपायाचे दात लागण्याचा प्रश्न उरला नाही. सुदानच्या वाळूत १८८५ मध्ये गुंडाळलेल्या पत्र्याची काडतुसे रायफलीतल्या तापलेल्या आणि काजळलेल्या काडतूस-घरात चिकटून फाटू लागली, तेव्हा एकसंध ओढीव पितळेची काडतुसे सरसकट आली. आमच्या वृद्ध मित्रांच्या खिशातली नळी त्या दुसऱ्या जातीची होती. गुंडाळलेल्या पत्र्यात चुना आठवडाभरही टिकला नसता.

चिठ्ठी आलेली आहे. दहा मिनिटे म्हणतात, म्हणजे फलकावरचा विषय आता आटोपता घ्यावा लागेल.

ज्या देशांत कायदा परवानगी देतो तेथील हौशी मंडळी या रायफली आजही चालवतात, आणि तयार काडतूस दुर्मिळ असल्यामुळे ते स्वतः भरतात. मार्टिनीसाठी अनेकजण २४ बोअरच्या पितळी शॉटगन काडतुसाला साच्यांतून दाबून मान आणतात. गोळी ओतण्यापूर्वी प्रत्यक्ष नळीचे माप घेतात, कारण शंभर-दीडशे वर्षांच्या नळ्या कागदावरच्या मापाला बांधील राहिलेल्या नसतात. एन्फील्ड-स्नायडरला शुद्ध मऊ शिसे चालते. मार्टिनीच्या मूळ गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी पोकळी ठेवत नाहीत, कारण त्या पोकळीमुळे नळी फुगण्याचा धोका असतो. मेण, पुठ्ठा किंवा लोकरीने ती भरून काढतात. बार झाल्यावर रिकामी काडतुसे लगेच पाण्यात टाकतात, कारण काजळीतल्या क्षारांनी पितळ खाल्ले जाते. नळीही तेलाने नव्हे तर आधी गरम पाण्यानेच धुतात. आणि या नळ्यांत आधुनिक बिनधुराची दारू कोणी भरीत नाही. तिचा दाब वेगळ्या रीतीने चढतो आणि जुने लोखंड त्यासाठी घडवलेले नाही.

राहिली .३०३. १८८८ ची ली-मेटफर्ड सुरुवातीला दाबून बसवलेल्या काळ्या दारूवरच चालत असे. काजळी साचू नये म्हणून मेटफर्ड यांनी तिचे आटे उथळ आणि गोलसर ठेवले होते. लवकरच कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, काजळी जवळजवळ संपली, पण कॉर्डाइटच्या उष्णतेने ते उथळ आटे झिजून जाऊ लागले, आणि १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एन्फील्ड आणावी लागली. काजळी गेली तेव्हा तिच्यासाठी केलेली रचनाही अडचणीची ठरली, यापेक्षा माझ्या म्हणण्याला मोठा पुरावा मला देता येणार नाही. त्यावर अर्धा तास बोलायचे होते, तो अर्धा तास केजच्या लग्नात गेला.

शेवटी पुढच्या रांगेसाठी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करणे गुन्हा आहे. दुरुस्ती करूनही चालू शकणार नाही असे कालबाह्य शस्त्र मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, आणि वाड्यांच्या माळ्यांवर अशा गंजलेल्या नळ्या अजून असतील. त्या भंगारात देऊ नका आणि चालू शकतात का हे स्वतः पाहण्याच्या भानगडीतही पडू नका; काही नळ्यांत जुना बार अजून भरलेला असतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती दीर्घकाळ जिवंत असते. आधी पोलीस ठाण्यात कळवा. त्यानंतर मला बोलवा, म्हणजे पाटी काय लिहायची ते मी सांगेन.