शिंगातलं खत, काहिलीतला गूळ

नवरात्र बसलं की करवीर तालुक्यातल्या या ऊसमळ्यात एक खड्डा काढतात. दुभत्या गाईचं ताजं शेण गाईच्याच शिंगात ठासून भरायचं, तोंड खाली करून शिंगं रचायची आणि माती लोटायची. ती निघणार होळीच्या आसपास. तोवर शेणाचा वास पार गेलेला असतो. हाताला लागते ती काळीभोर, मऊ माती.

बायोडायनॅमिक शेती करणारे याला ‘पाचशे नंबर’ म्हणतात. एकराला जेमतेम २५ ग्रॅम खत, बादलीभर पाण्यात तासभर ढवळायचं आणि सांजच्याला रानात शिंपडायचं. ढवळण्याची पद्धत ठरलेली. खोल भोवरा पडला की तो मोडायचा आणि लगेच उलट्या बाजूनं फिरवायचं. नातू जरा दमला की या घरातले थोरले, आबा, बांधावरून सांगतात, “हात थांबवू नगंस. भवरा पडू दे, मगच उलटं फिरव.”

या पद्धतीचं मूळ १९२४ सालातलं. कोबरविट्झ या तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या गावी ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली. पुढं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात निकोला जोली यांच्यासारख्या वाइन करणाऱ्या घरांनी ती आपल्या द्राक्षमळ्यात रुजवली. मळा हा एक जिवंत देह आहे, त्याला लागेल ते शक्यतो त्याच्यातूनच मिळावं, हा तिचा गाभा. कंपोस्टात घालायच्या एका मिश्रणाला ओकची साल लागते. कोल्हापुरात ती कुठली मिळायला? तेवढी बाहेरून मागवतात.

शिंगातल्या चिमूटभर खताचा गुण वेगळा काढून दाखवणं अवघड आहे आणि संशोधकांचं त्यावर एकमत नाही. या पद्धतीत चंद्राच्या तिथ्या पाहून पेरतात, त्याचंही तसंच. पण या घरानं पाचट पेटवणं सोडलं, ते सरीतच कुजवलं, गोठा राखला, पाणी बेतानं दिलं. जमीन सुधारायचं खरं श्रेय मी याला देईन. शिरोळ भागातली, पाणी आणि रासायनिक खतांच्या अतिरेकानं क्षारपड झालेली, पांढरी पडलेली रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता गुऱ्हाळाकडं चला. चुलवाणात चिपाडं धडधडतायत, काहिलीत रस उकळतोय. चेचलेल्या भेंडीच्या झाडांचा चिकट रस त्यात पडला की मळी वर येते. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, झाऱ्यानं ती काढत राहतो. ही मळी खताच्या ढिगावर जाते, चुलवाणातली राख रानात. पाक दाटला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी वळून बघतो. गोळी टणक झाली की काहील उतरलीच पाहिजे. क्षणभर उशीर झाला तरी गूळ करपतो.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण बाजाराची नजर अजून पिवळ्याधमक रंगावर आहे आणि तो रंग आणायला अनेक ठिकाणी हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन वापरतात. या घरात ती पुडी येत नाही, त्यामुळं यांचा गूळ तपकिरी उतरतो. सौद्यात तो मागं पडतो, म्हणून आबांच्या सूनबाई रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, घरूनच विकतात. दिवाळीआधी गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहून घेतात आणि पहिल्या काहिलीचा गूळ त्याच क्रमानं देतात.