चौकटींमधली मोकळी पट्टी

साताऱ्यातील एका वाचनालयाच्या लांब टेबलावर उघडून ठेवलेल्या या पुस्तकात उंदीर आहेत आणि मांजरे आहेत, तरीही ते मुलांसाठी लिहिलेले पुस्तक नाही. आर्ट स्पीगलमन या अमेरिकी चित्रकाराने ‘माउस’ या ग्राफिक कादंबरीत, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबरीत, आपल्या वडिलांची हकीकत चितारली आहे. तीत ज्यू माणसे उंदरांच्या चेहऱ्याने वावरतात, नाझी मांजरांच्या, आणि ऑशविट्झच्या छळछावणीतून जिवंत परतलेला म्हातारा बाप न्यूयॉर्कच्या घरात व्यायामाच्या सायकलवर बसून मुलाला ती सारी वर्षे सांगत राहतो. १९९२ साली या पुस्तकाला विशेष पुलित्झर पुरस्कार देण्यात आला.

पुस्तक हातात धरलेल्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. कथा, कादंबऱ्या, आत्मचरित्रे आणि दरवर्षीचे दिवाळी अंक यांवर त्यांचे वाचन पोसलेले आहे. चित्रांचे पुस्तक म्हटले की त्यांच्या पिढीला ‘चांदोबा’ आठवतो, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवतो, अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’ आठवते. आणि शिंगे फुटली की ही पुस्तके मागे पडायची, असाच तेव्हाचा रिवाज होता. त्यामुळे वाचन मंडळातल्या एका महाविद्यालयीन मुलीने ‘माउस’ पुढे केले, तेव्हा बाईंनी ते तिचा मान राखण्यासाठी घेतले.

त्या कसे वाचत होत्या, हे आमच्या माहितीपटाच्या कॅमेऱ्याने नेमके टिपले आहे. त्यांचे बोट एका फुग्यातल्या संवादावरून दुसऱ्या फुग्यातल्या संवादावर जाते, मजकूर संपताच पान उलटते, आणि चित्राच्या वाट्याला जेमतेम एक नजर येते. पुढे एका पानावर लपण्याची जागा हातची गेलेले नवरा-बायको मोकळ्या रस्त्यावर उभे आहेत आणि आता जायचे कोठे, एवढाच मजकूर आहे. तो वाचून बाई पान उलटणार, तोच शेजारी बसलेली मुलगी म्हणते, ‘‘बाई, रस्त्याकडे बघा ना.’’ बाई बघतात. त्या दोघांसमोर फुटलेल्या वाटा स्वस्तिकाच्या आकाराच्या आहेत. नाझींचे ते चिन्ह जमिनीवरच पसरलेले असल्यामुळे कोणत्याही वाटेने निघाले तरी पाऊल त्यावरच पडणार आहे, आणि हे सांगणारा एकही शब्द पानावर नाही. बाई काही बोलत नाहीत. त्या पुस्तक मिटतात आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करतात.

या दुसऱ्या वाचनात जे घडते, त्यासाठीच हा माहितीपट आहे. ग्राफिक कादंबरीच्या दोन चौकटींमध्ये एक मोकळी पट्टी असते. एका चौकटीत उगारलेला हात दिसतो, पुढच्या चौकटीत बंद दार दिसते, आणि मधला प्रसंग वाचकाला आपल्या मनात घडवावा लागतो. स्कॉट मक्लाउड या चित्रकाराने १९९३ साली एक संपूर्ण पुस्तक चित्रकथेच्याच रूपात काढून ही प्रक्रिया उलगडून दाखवली. चौकट रुंद झाली की काळ लांबतो, चौकटी लहान आणि दाट झाल्या की धावपळ सुरू होते, आणि संवाद थांबले की वाचकालाही थांबावे लागते. चित्रपट प्रेक्षकाला आपल्या वेगाने ओढून नेतो, इथे मात्र वेग वाचकाच्या बोटांत असतो. ज्यांना हे वाचन सोपे वाटते, त्यांनी ते अजून केलेले नाही, असे आम्हांला चित्रीकरणाच्या काळात पुन्हा पुन्हा जाणवले.

हे मसूरचे रेल्वे स्थानक. १९०१ साली सुमारे दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघून संध्याकाळी इथे उतरली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदार होते आणि मुले त्यांना भेटायला निघाली होती. स्थानकावर न्यायला कोणी आलेले नव्हते. मुले महार आहेत असे कळताच स्टेशन मास्तर मागे सरकला आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. सोबत जेवण होते पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुले रात्री उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि साताऱ्याच्या ज्या शाळेच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे, ती शाळा वाचनालयापासून दूर नाही. बाईंनी ही हकीकत वर्गात अनेकदा सांगितली होती.

‘भीमायन’ या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्राफिक कादंबरीत त्यांनी ती प्रथमच पाहिली. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे त्या पुस्तकाचे परधान गोंड या आदिवासी समाजातले चित्रकार. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी मजकूर लिहिला आहे. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, असा या चित्रकारांचा आग्रह होता, म्हणून या पानांवर सरळ चौकटी नाहीत. भिंती सारवून त्यांवर काढल्या जाणाऱ्या डिगण्याच्या वळणदार नक्षीने पाने विभागली आहेत. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते, त्यामुळे इंग्रजी मजकूर न वाचणाऱ्यालाही कोण कोणाला काय सुनावतो आहे हे कळते. तहानलेल्या भीमाच्या धडाचा मासा होतो. पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या प्रसंगी भाषणाचे कर्णे पाणी शिंपडू लागतात, आणि लोक त्याखाली भिजतात.

मसूरच्या पानांवर बाई बराच वेळ थांबतात. हा भाग आम्ही कापलेला नाही आणि त्यावर निवेदनही दिलेले नाही.

मंडळात वाद झाले, तेही झालेच पाहिजेत. एवढ्या यातना चित्रांत दाखवाव्यात का, असे एका ज्येष्ठ सदस्याने विचारले, तेव्हा त्या मुलीने केजी नाकाझावा यांचे नाव घेतले. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा सहा वर्षांचे असलेले हे चित्रकार त्यातून वाचले आणि १९७३ पासून ‘बेअरफूट गेन’ या चित्रकथेमध्ये त्यांनी तो दिवस व त्यानंतरचे दिवस चितारले.

ग्राफिक कादंबऱ्या आता या वाचनालयात बालविभागातून कादंबऱ्यांच्या कपाटात आल्या आहेत आणि मारजान सत्रापी यांचे इराणमधल्या बालपणावरचे ‘पर्सेपोलिस’ खरेदीच्या यादीत आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी पुस्तक सुचवण्याची जबाबदारी बाईंनी मागून घेतली आहे.